बारा सारखे बंगले आणि एक बटण

"ही कळी काल बंद होती."

त्याच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य हे असं. ओळख ना पाळख! तो चार नंबरच्या बंगल्याच्या पायरीशी गुडघे टेकून बसला होता, दातांत दोऱ्याचं टोक धरून. त्यानं मान वर केली, माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं, मग कुंडीतल्या लाल गुलाबाकडे बघितलं आणि दातांतला दोरा सावकाश काढला.

"काल झोपली होती," तो म्हणाला. "आज जाग आली तिला."

"तिला जाग यायची परवानगी नाही. गोष्टीत अजून सोमवारची सकाळच चाललीय."

"हे तिला कोण सांगणार?"

"तुम्ही! माळी तुम्ही आहात ना?"

"आहे... पण ती माझं ऐकत नाही, मॅडम. तुम्ही एकदा रागावून बघा तिच्यावर. रागवायला तुमचा आवाज छान आहे."

मी रागावलेच, पण त्याच्यावर. आणि तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावर चिखलाचा एक ठिपका होता, तो मी लक्षात ठेवला. सवयच तशी. लक्षात ठेवायचेच मला पैसे मिळतात.

म्हणजे असं की, सिनेमाच्या सेटवर मी कंटिन्युइटी सांभाळते. पडद्यावर तीन मिनिटांत संपणारा प्रसंग आम्ही तीन-तीन दिवस तुकड्यातुकड्यांनी काढत असतो. त्या तीन मिनिटांत कपातला चहा आपोआप वाढू नये, नायिकेची बांगडी या हातातून त्या हातात जाऊ नये, भिंतीवरचं घड्याळ मागे धावू नये, हे बघणारी बाई म्हणजे मी. गळ्यात कॅमेरा, पिशवीत तळहाताएवढा प्रिंटर, बगलेत जाड वही. फोटो काढायचा, छापायचा, चिकटवायचा, शेजारी वेळ लिहायची. युनिटमध्ये मला सगळे वहीबाई म्हणतात. सहा सिनेमे झाले, एक चूक नाही, आणि याचा मला गर्व आहे असं कुणी म्हटलं तर मी नाकारणार नाही. घरी साखरेचा डबा बोटभर सरकला तरी मला कळतं. मी राहते थोरल्या बहिणीकडे. ताई म्हणते, "तुझ्याशी लग्न करणाऱ्यानं आधी स्वतःची मोजमापं लेखी द्यावीत."

आणि हा सिनेमा तर माझ्यासारखीला आव्हानच होता. शहराबाहेरची देखणी वसाहत. बारा पांढरेशुभ्र बंगले, सहा इकडे, सहा तिकडे, सगळे एका साच्यातले. प्रत्येकाच्या पायरीच्या उजव्या हाताला एक गुलाबाची कुंडी, कुंडीत चार बंद कळ्या. नवीनच लग्न झालेली एक बाई तिथे राहायला येते. शेजारी गोड. जरा जास्तच गोड. रोज सकाळी तेच हसू, तेच वाक्य. हळूहळू तिच्या ध्यानात येतं, इथे काहीच बदलत नाही, फुलंसुद्धा उमलत नाहीत. मग एक दिवस शेजाऱ्याच्या कपाटात तिला अल्बम सापडतो. आत सगळे तिचेच फोटो. पाठमोरे, कडेनं, खिडकीतून. प्रत्येकाशेजारी वेळ लिहिलेली... पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी भर दुपारी ताईच्या स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली होती. रक्त नाही, भूत नाही, नुसत्या नीटनेटकेपणाची भीती! असं लिहिणाऱ्या माणसाचे पाय धरावेत असं वाटलं.

तो लिहिणारा आणि दिग्दर्शक एकच. सेटवर सगळे त्यांना सर म्हणतात, आणि पाठीमागे 'पुन्हा एकदा', कारण प्रत्येक शॉटनंतर ते तेवढंच बोलतात.

गोष्ट सहा दिवसांची, शूटिंग चाळीस दिवसांचं. बंगले नुकतेच बांधलेले होते, अजून कुणी राहायला आलं नव्हतं. भिंती काही वाढत नाहीत. पण गुलाब? ते वाढू नयेत हे त्या माळ्याचं काम. आणि काय सांगू, तो ते काम असं करायचा की माझं मीपण जरा खाली बसलं. पहाटेच तो प्रत्येक कळीभोवती तिच्याच रंगाचा दोरा असा गुंडाळायचा की कॅमेरा नाकाला लावला तरी दिसू नये. जास्तीच्या कुंड्या थंड खोलीत ठेवून त्यांना पेंगत ठेवायचा. गळालेल्या पानाच्या जागी दुसरं पान बारीक तारेनं अशा बेतानं बांधायचा की खुद्द झाडानं फसावं. सबंध सेटवर दोनच माणसं काळाला थोपवून धरत होती. एक मी वहीत, एक तो दोऱ्यात.

तिसऱ्या दिवसापासून कुंड्या हलायला लागल्या.

रोज एखादीच, तीही वीतभर. सकाळच्या तालमीच्या आधी मी बाराही पायऱ्या तपासत जायचे आणि एक कुंडी हमखास जागेवर नसायची.

"माळीबुवा!" मी ओरडायचे. युनिटनं त्याला बुवा करून टाकलं होतं, वय असेल जेमतेम तिशीचं. "सात नंबरची कुंडी वीतभर पुढे आलीय."

"वीतभर? छे. चार बोटं."

"वीत."

"तुमची वीत की माझी?" असं म्हणून तो पंजा पसरायचा. मग मीही पसरायचे, पुराव्यासाठी. त्याच्या बोटांना मातीचा आणि हिरव्या देठाचा वास यायचा. बोटं एकमेकांना लागायची नाहीत... पण लागली असती.

"तुम्ही मुद्दाम करता," मी एकदा म्हटलं.

"टेकच्या वेळी कधी हलली का?"

"नाही."

"मग झालं तर. तालमीत काय, माणसानं थोडं चुकावं. कुणीतरी रागवायला येतं."

नवव्या दिवशी काट्यात अडकून त्याच्या शर्टाचं दुसरं बटण तुटलं. वरून दुसरं, गळ्याखालचं. टप्पकन माझ्या पायाशी येऊन पडलं. परत द्यायचं म्हणून मी उचललं, तेवढ्यात शॉट लागला आणि राहिलं. मग सवयीनं वहीत लिहिलं. कुणाच्या कपड्यात काही बदललं की लिहायचं, हात आपोआप चालतो. दुसऱ्या दिवशी तो निळ्या शर्टात आला. त्यालाही दुसरं बटण नव्हतं. त्यानंतर चौकटीच्या शर्टात, त्यालाही नाही. मला वाटलं, इतका बारीक हात आणि कपड्यांच्या बाबतीत हा असा गबाळा!

पण त्याची खरी बाग मला दिसली ती विसाव्या दिवशी. बारा नंबरच्या मागच्या अंगणात कॅमेरा कधी जात नाही. तिथे मी त्याला शोधत गेले आणि दारातच थांबले. कामातून निवृत्त झालेल्या सगळ्या कुंड्या तिथे होत्या. वेड्यावाकड्या, दाटीवाटीनं, आणि सगळ्या फुललेल्या. पाकळ्यांचा खच पडला होता. कुठे रांग नाही, कुठे उजवं-डावं नाही. तो एका कळीचा दोरा कात्रीनं सोडवत होता.

"दिवसभर बांधून ठेवतो बिचाऱ्यांना," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "संध्याकाळी एखादीला तरी मोकळं सोडावं, एवढंच."

मी कॅमेरा उचलला, पण इथलं काही जुळवायचं नव्हतं. मग मी फोटो कशाचा काढला, हे मला तेव्हा ठाऊक होतं... आणि नव्हतंही.

बत्तिसाव्या दिवशी घात झाला.

खिडकीचा मोठा प्रसंग होता. नायिका स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचे बंगले बघते, आणि सगळं तंतोतंत सारखं आहे हे पहिल्यांदा तिच्या काळजाला भिडतं. अर्धा प्रसंग जेवणाच्या सुट्टीआधी काढला, अर्धा नंतर. नायिकेनं जीव ओतला होता, लाइटवालेसुद्धा श्वास रोखून उभे होते. दुसऱ्या दिवशी एडिटरचा निरोप आला: दुपारनंतरच्या प्रत्येक शॉटमध्ये चार नंबरची कुंडी पायरीच्या डाव्या हाताला आहे. अख्खा प्रसंग पाण्यात.

एक नंबरच्या हॉलमध्ये बैठक बसली. सर, प्रोडक्शन मॅनेजर, तो आणि मी. मॅनेजरकाका तापलेलेच होते.

"याच्याशिवाय दुसरं कोण असणार? रोज कुंड्या सरकवतो, सगळं युनिट बघतं. वहीबाईला चिडवायला!"

"तालमीआधी सरकवतो," तो म्हणाला. "टेकला कधीच नाही. काल सुट्टीत तर मी तिकडे गेलोही नाही."

"पुरावा आहे?"

त्यानं मातीचे हात शर्टाला पुसले.

"मग उद्यापासून येऊ नकोस. आणि पुढच्या सिनेमावाल्यांनी मला विचारलं, तर मी हेच सांगणार."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती त्या नजरेत. नुसतं बघितलं, जाताना माणूस घराकडे बघतो तसं. आणि माझे कान तापले, कारण पुरावा माझ्या बगलेत होता.

काल सुट्टीत तो नऊ नंबरच्या झाडावर शिडी लावून पानं बांधत होता. नऊ नंबर चारच्या अगदी समोर. हे मला पक्कं माहीत होतं, कारण मी त्याचे फोटो काढले होते. सुट्टीत. जेव्हा कंटिन्युइटीवाल्या बाईनं फोटो काढायचं काहीएक कारण नसतं. वही उघडली तर तो वाचणार होता, आणि मी चारचौघांत उघडी पडणार होते. सहा सिनेमांचं नाव तर जाणारच. पण खरी धास्ती वेगळी होती. या सिनेमातली बाई असाच अल्बम बघून जिवाच्या आकांतानं पळत सुटते. तो बघेल, तर?

तो दारापर्यंत पोहोचला होता.

"थांबा," मी म्हटलं. आवाज रागवायचाच निघाला, दुसरा मला येत नाही. "सर, हे बघा."

तीन फोटो होते. बारा अडतीस: शिडीवर तो, आणि मागे रस्त्यापलीकडे चार नंबर, कुंडी उजवीकडे. बारा चाळीस: शिडीवर तो, आणि मागे पायरीवर चहाचा कप घेऊन बसलेले साक्षात सर, एक हात कुंडीवर. बारा त्रेचाळीस: शिडीवर तो, सरांनी पाय ऐसपैस पसरलेले, कुंडी डावीकडे.

सरांनी चष्मा वर केला, खाली केला.

"अरेच्चा," ते म्हणाले. "हा तर मीच!"

मॅनेजरकाकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण माणूस हुशार. "ते ठीक आहे," ते म्हणाले, "पण सुट्टीत तू शिडीचे फोटो का काढत होतीस?"

सर तोवर पानं मागे उलटायला लागले होते. खिडकीचा फोटो, कडेला त्याचा खांदा. पडद्याचा फोटो, काचेत त्याची सावली. कुंडीचा फोटो, कुंडी अर्धी आणि त्याचे हात पूर्ण. मलाच आता एकापाठोपाठ दिसत होते ते... इतके?

"दिवस नऊ," सर मोठ्यानं वाचायला लागले. "माळी. दुसरं बटण नाही. दिवस दहा. माळी. निळा शर्ट. दुसरं बटण अजून नाही." त्यांनी मान वर केली. "हा माळी आपल्या कुठल्या सीनमध्ये आहे?"

"कुठल्याच नाही, सर."

पान उलटलं. तिथे चिकटपट्टीखाली ते बटण होतं. पांढरं, चार भोकांचं.

मी म्हटलं, "चूक माझी आहे, सर. दुपारच्या टेकआधी कुंडी बघणं माझं काम. मी बघत होते... पण तिकडे नव्हते बघत. उद्यापासून मी नाही आले तरी चालेल."

सरांनी वही हळूच मिटली आणि दोन्ही हातांनी मला परत दिली.

"माझ्या खलनायकाचा अल्बम मी चारदा बदलून घेतला," ते म्हणाले. "फोटो चांगले होते, पण ते काढणारा माणूस त्यात दिसत नव्हता. तुझ्या वहीत दिसतो. मी उगाच त्याला खलनायक केलं की काय!" मग ते उठले. "कुंडी मी सरकवली, बघायला तू चुकलीस आणि हाकलतोय आपण याला. बरं नाही हे. उद्या पुन्हा एकदा."

मी वळून बघितलं. दारात कुणी नव्हतं. तो गेला होता.

बाहेर येऊन मी ताईला फोन लावला. "ताई, संपलं माझं सगळं."

"काय विसरलीस?"

"काहीच विसरले नाही. तेच तर झालंय ना!"

ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "तो काय म्हणाला ते सांग." मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "मग मला कशाला फोन करतेस? त्याच्याकडे जा."

बारा नंबरच्या मागे गेले तेव्हा वर लख्ख ऊन होतं आणि समोर पाऊस पडत होता. दुपारच्या शॉटसाठी टँकरवाले पाइप तपासत होते, आणि त्यांचा तो भाड्याचा पाऊस निम्मा या अंगणात सांडत होता. तो मागच्या दाराच्या छपराखाली भिंतीला टेकून उभा होता. मी धावत छपराखाली शिरले. वही पोटाशी धरली होती, तरी तिचा कोपरा भिजलाच. छप्पर दोघांना पुरण्याइतकं नव्हतं. आम्ही पुरवलं.

"घाबरलात?" मी विचारलं.

"कशाला?"

"सिनेमातली बाई घाबरते. पळून जाते."

"तिला माहीत नसतं ना, कुणी बघतंय ते." त्यानं हात लांब करून पावसाखाली धरला. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"नवव्या दिवशी तुम्ही वही पायरीवर ठेवून चहा आणायला गेलात. वाऱ्यानं पान उलटलं. मी वाचलं... चोरून नाही हं. म्हणजे, थोडं चोरून. 'माळी. दुसरं बटण नाही.' मला वाटलं, सिनेमाच्या वहीत माझं नाव! रात्री आई म्हणाली, दे तो शर्ट, बटण लावून देते. मी म्हटलं, नको. लिहून ठेवलंय कुणीतरी, आता बदलता येणार नाही."

"पण मग निळा शर्ट? चौकटीचा?"

तो जमिनीकडे बघायला लागला. गुलाबांना झोपवणारा हा माणूस कानापर्यंत लाल झाला होता.

"माझे चार शर्ट आहेत," तो म्हणाला. "उरलेल्या तिन्हींची दुसरी बटणं कापली मी. कंटिन्युइटी बिघडायला नको म्हणून."

मी हसले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि टँकरचा पाऊस होता म्हणून ते लपलंही असतं. पण लपवायचं आज बाकी काय राहिलं होतं?

"मला गबाळे वाटायचात तुम्ही," मी म्हटलं.

"आणि आता?"

"आता... मला तुम्ही फार आवडता. बत्तीस दिवस आवडताय. तारीखवार आहे माझ्याकडे."

"बत्तीस? पहिल्या दिवशी तर रागावला होतात."

"तुमच्या डाव्या गालावर चिखल होता. ते लिहिलंय मी."

त्यानं ओला हात माझ्यापुढे पसरला, वीत मोजायला पसरायचा तसाच. मी माझा त्यावर ठेवला. या वेळी बोटं लागली. "मलाही," तो म्हणाला, "पहिल्या दिवसापासून. ती कळी मी मुद्दामच मोकळी ठेवली होती. म्हटलं, नव्या वहीबाई येतात का बघू."

"सरांना सांगीन हं मी!"

"सांगा. ते म्हणतील, पुन्हा एकदा."

खिडकीचा प्रसंग दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला, आणि खरं सांगते, आधीपेक्षा सरस झाला. नायिकेच्या डोळ्यांत ती भीती अशी उतरली की शॉट संपल्यावर टाळ्या वाजवायलाही कुणी धजेना. बाराही कुंड्या उजव्या हाताला होत्या. मी स्वतः बघितल्या, प्रत्येक टेकआधी, आणि तो मला दिसणार नाही अशा जागी जाऊन उभा राहिला.

चाळिसाव्या दिवशी दुपारी पॅकअप झालं. दिवे उतरले, तारा गुंडाळल्या. त्यानं कात्री माझ्या हातात दिली. "आज तुम्ही सोडा." मी एकेका पायरीशी बसून बारा कुंड्यांचे दोरे कापले. शेवटच्या कुंडीशी पोहोचेस्तोवर पहिलीतल्या कळ्या सैलावायलाही लागल्या होत्या, आणि प्रत्येक वेगळ्याच तऱ्हेनं.

मग मी ताईकडून आणलेला सुई-दोरा काढला, वहीतलं बटण सोडवलं आणि तो अंगात असतानाच शर्टाला लावून दिलं. तो श्वास रोखून उभा होता. दोरा दातांनी तोडताना त्याचं काळीज किती जोरात धडधडतंय ते मला ऐकू आलं.

"हलू नका," मी म्हटलं. वही उघडून शेवटची नोंद केली: दिवस चाळीस. माळी. दुसरं बटण लावलं.

"अजून तीन शर्ट घरी आहेत," तो म्हणाला. "मी आईला सगळं सांगितलंय. ती म्हणते, जिच्यापायी कापलीस, तिनंच येऊन लावावीत."

मी वहीचं नवीन पान काढलं.

"वेळ सांगा," मी म्हटलं. "लिहून घेते."